तरोट्याचं नाव घ्यायचं नाही

वामनराव मुळावकरांची बदली यवतमाळला झाली असती, तर त्यांना काय काय मिळणार होतं याचा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता. यवतमाळला राहणाऱ्या बायकोच्या, कुंदाताईंच्या, हातची तव्यावरची पोळी आठवड्यातून एकदाऐवजी चौदा वेळा. उन्हाळ्यात स्वतःच्या मालकीच्या कूलरसमोरची स्वतःची जागा. शिवाय ज्या गावात कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला कोणी ओळखत नाही अशा गावात भाजी घ्यायला जाण्याचं सुख. वजा बाजू कोरी होती. राळेगावच्या पलीकडच्या त्या कापूस खरेदी केंद्रावर सहा हंगाम काढल्यावर वामनरावांना मागे सोडून जावंसं वाटे असं एकच होतं, आणि ते सोडून जायला तयार नव्हतं. ते म्हणजे गजकर्ण.

गजकर्ण होतं तेही अशा जागी, की चारचौघांत तिथं हात नेता येत नाही. दिवसभर कापसाच्या धुळीत बसायचं, घाम यायचा, आणि खाज सुटली की वामनराव खुर्चीत डावीकडून उजवीकडे सरकायचे, मग उजवीकडून डावीकडे. गाडीवाल्यांना वाटे, साहेब विचार करून ग्रेड ठरवतात. उजवीकडे सरकून थांबले तर वरची ग्रेड, डावीकडे थांबले तर खालची, असा ठोकताळा केंद्रावर कापूस आणणाऱ्या बेबीताईंनी बसवला होता आणि तो दहापैकी सहा वेळा खराही ठरे.

आता येत्या गुरुवारी विभागीय अधिकारी पूनमसिंग साहेब केंद्रावर येणार होते. बदलीच्या यादीत नावं दोन आणि यवतमाळची जागा एक. साहेब दोन तासांची बैठक घेत आणि त्यात माणूस कसा बसतो, कसा ऐकतो, यावर त्यांचं मत बने. मागच्या वर्षी त्यांच्या भाषणात वामनराव तीनदा उठून बाहेर गेले होते. चौथ्यांदा उठले तेव्हा साहेबांनी, मुळावकरांना गाडी पकडायची आहे का, असं विचारलं होतं आणि दुसरंच नाव पुढे सरकलं होतं. त्यामुळे यंदा वामनरावांना बुद्धी नको होती, वशिला नको होता. दोन तास स्वस्थ बसता आलं की बदली झालीच.

राळेगावच्या डॉक्टरांनी त्यांना ट्यूब दिलेली होती. एकवीस दिवस लावा म्हणाले. सहाव्या दिवशी खाज थांबली, वामनरावांनी ट्यूब थांबवली. महिन्याभरात गजकर्ण दुप्पट होऊन परत आलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले की दोष ट्यूबमध्ये नाही, तुमच्या कॅलेंडरमध्ये आहे. वामनरावांना हे लागलं, आणि ते तांड्यावरच्या जमनीकडे गेले.

जमनी साठीची, कापूस वेचायला येणारी. तिच्याकडे गजकर्णाचं औषध होतं आणि त्याचे ती काही घेत नसे. चहासुद्धा नाही, घेतला तर औषधाचा गुण जातो म्हणे. झाड तरोट्याचं. पावसाळ्यात ज्याची कोवळी भाजी होते आणि नंतर ज्याला ढोरंही तोंड लावत नाहीत, तेच. पण उपटायची रीत होती. सोमवारी सांजेला झाडाला हळदकुंकू, अक्षता, सुपारी देऊन निमंत्रण द्यायचं. मंगळवारी दिवस उगवायच्या आत डाव्या हातानं मुळासकट उपटायचं. तिथून घरी येऊन शेंगांमधलं बी आंबट ताकात वाटून लावेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही. दोन वेळा आंघोळ, कपडे कडक उन्हात वाळवलेले. आणि शेवटची अट सगळ्यांत कडक.

"खाज पुरी जाऊस्तोवर झाडाचं नाव तोंडातून काढाचं नाही. नाव घेतलं का गुन उतरला. मंग मले बोल लावू नोका, साहेब."

ज्यांना डॉक्टरांची ट्यूब सातव्या दिवशी जड झाली होती, त्या वामनरावांनी हे सगळं मान खाली घालून मान्य केलं. डॉक्टरांनी नुसतं औषध दिलं होतं, जमनीनं काम दिलं होतं.

सोमवारी सांजेला ते पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, विठ्ठलराव नावाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, बांधावर, गेले. आसपास कोणी नाही असं पाहून त्यांनी एका भरल्या झाडाला कुंकू लावलं आणि उद्या सकाळी आमच्याकडे यायचं करावं, अशी विनंती केली. मंगळवारी तांबडं फुटायच्या आत जाऊन ते उपटलं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

हिशेब चुकला तो एकाच ठिकाणी. पांदण संपते ती केंद्राच्या यार्डात, आणि यार्ड ओलांडल्याशिवाय वामनरावांची खोली येत नाही. पहाटे यार्ड रिकामं असतं. पण केंद्र चार दिवस बंद होतं, आज उघडणार होतं, आणि नंबर लागावा म्हणून साठ-सत्तर गाड्या रात्रीतूनच येऊन लागल्या होत्या. गाडीवाले शेकोटीभोवती बसले होते. समोरून केंद्राचा ग्रेडर दोन्ही हातांत एक झाड नैवेद्यासारखं धरून, नजर सरळ ठेवून, चालत आला.

विठ्ठलराव पुढे झाले. या भागातले ते बोलके शेतकरी, कपाशी, तूर आणि सोयाबीन अशी तिन्ही पिकं घेणारे आणि तिन्हींबद्दल तक्रार असणारे. आज काटा सुरू होतो ना, असं त्यांनी विचारलं. वामनराव गप्प. भाव उतरला का? गप्प. मान हलवणं हे बोलण्यात धरतात की नाही, हे जमनीला विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी मानही हलवली नाही. पापणी लवली ती नाइलाजानं.

ते गेल्यावर यार्डात कुजबुज सुरू झाली. साहेबाला बोलायची मनाई आहे, हे सगळ्यांनाच दिसलं होतं. बेबीताईंची नजर तीक्ष्ण. त्या म्हणाल्या, "तरोटा होता तो. कुंकू लावेल तरोटा."

आता त्या वर्षांत कपाशीनं लोकांना पुरतं वैतागून सोडलं होतं आणि दर हंगामाला कोणी ना कोणी एक औषधी झाड घेऊन येई. एका वर्षी सफेद मुसळीवाले आले, कंद विकून गेले आणि विकत घ्यायला परत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी कोरफडवाले. त्यांची कोरफड अजून दर अंगणात होती आणि गावातल्या बायांचे केस तालुक्यात नाव घेण्यासारखे झाले होते. तेव्हा सरकारी माणूस पहाटे झाडाची पूजा करून ते घेऊन जातो, याचा अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नाही.

आठ वाजता, औषध लावून झाल्यावर, विठ्ठलराव खोलीच्या दारात उभे राहिले.

"साहेब, ते झाड कायचं होतं?"

"कोणतं झाड?"

"हातात होतं ते. तरोटा होता ना?"

"मी नाव घेतलं नाही," वामनराव घाईनं म्हणाले.

"मनाई हाय?"

"आहे."

"आमाले बी नाही सांगता येत?"

"कोणालाच नाही. गुरुवारपर्यंत तर नाहीच नाही, विठ्ठलराव. माझ्या पोटावर पाय येईल."

विठ्ठलरावांनी मान डोलावली. गुरुवारी मोठे साहेब येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी यार्डात येऊन शांतपणे सांगितलं की गुरुवारी जाहीर होणार आहे, तोवर गवगवा करू नका. आणि हेही सांगितलं की हे पहिलंच झाड आहे ज्याचं बी विकत घ्यावं लागत नाही, ज्याला फवारणी लागत नाही आणि जे आपण वीस वर्षांपासून फुकट उपटून फेकून राह्यलो. सरकारला उशिरा का होईना अक्कल आली.

मंगळवार दुपारपासून तालुक्याच्या त्या कोपऱ्यात कापूस वेचणं थांबलं. धुऱ्यावरचा तरोटा गेला, पांदणीतला गेला, शाळेच्या मागचा गेला. देवळामागच्या तरोट्यावरून दोन भावांची बोलाचाली झाली. बुधवारी सकाळी यार्डात कापसाच्या गाड्यांच्या मागे तरोट्याच्या बियांची पोती लागू लागली. वामनरावांना आधी वाटलं सोयाबीन आहे. बेबीताईंनी मूठभर बी त्यांच्यासमोर धरून ग्रेड विचारली, तेव्हा पोत्यांत काय आहे ते त्यांना कळलं.

त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, पण नाव न घेता थांबवायचं म्हणजे फार अवघड. ते जे आणताय ते आणू नका, असं ते पोत्यापोत्याशी जाऊन सांगू लागले. काय ते, असं लोक विचारत. ते म्हणत, ते. शेतकऱ्यांना यात नवल वाटलं नाही. घेणारा माणूस आधी आणू नका म्हणतो आणि मग भाव पाडून घेतो, हे त्यांनी कापसात पुष्कळदा पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत पोती दुप्पट झाली.

त्यातही वामनरावांना एक सुख होतं. खाज थांबली होती. बुधवारी रात्रीचं जेवण त्यांनी मांडी न बदलता केलं, किती तरी महिन्यांत पहिल्यांदा.

गुरुवारी अकराला पूनमसिंग साहेबांची जीप आली. साहेब उतरले, उभ्याउभ्याच पाणी प्यायले, कोणी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले आणि यार्डात येरझाऱ्या घालू लागले. तरोट्याच्या पोत्यांसमोर ते थांबले.

"मुळावकर, ये क्या माल है?"

वामनराव गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. आजूबाजूला सगळे शेतकरी कान देऊन उभे. वामनरावांच्या डोक्यात गणित वेगानं फिरत होतं. बोललो तर गुण उतरतो आणि पुढचे दोन तास खुर्चीत बसता येत नाही. नाही बोललो तर खरेदी केंद्रावर भलताच माल उतरवल्याचा ठपका, आणि यवतमाळ कायमचं गेलं. दोन्हीकडे तोटाच होता. मग त्यातल्या त्यात खरं बोलण्याचा तोटा त्यांनी निवडला.

"तरोटा आहे, साहेब. गजकर्णाचं औषध. मला झालंय, माझ्यासाठी आणलं होतं," असं म्हणून त्यांनी निमंत्रणापासून ताकापर्यंत सगळं सांगून टाकलं.

विठ्ठलरावांनी सावकाश विचारलं, "म्हंजे सरकारचं नाही?"

"नाही. माझं."

"घ्या," बेबीताई बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "दोन दिवस आपुन साहेबाच्या खाजीपायी धुरे उपटून राह्यलो."

हसायला सुरुवात कोणी केली ते कळलं नाही, पण ते शेवटच्या गाडीपर्यंत गेलं. आणि तेवढ्यात, नाव घेऊन पुरतं मिनिट झालं नसेल, वामनरावांना खाज सुटली. ते डावीकडून उजवीकडे झाले, उजवीकडून डावीकडे. बदली गेली हे त्यांनी उभ्या जागी मान्य केलं.

पूनमसिंग साहेबांनी मात्र त्यांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. तरीही बसले नाहीत. खिडकीबाहेर पाहत त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "वो जमनी कहाँ रहती है?"

त्यांनाही होऊन दोन महिने झाले होते म्हणे. जीपची सीट रेक्झिनची, दौरे रोजचे. ट्यूबा चार झाल्या, एकही पुरी झाली नव्हती. वामनरावांनी रीत सांगितली. साहेब शेवटपर्यंत ऐकून म्हणाले की न बोलता घरापर्यंत जाणं त्यांना या जन्मात जमणार नाही, त्यांचा फोन दर पाच मिनिटांनी वाजतो. दुसऱ्या कोणी आपल्या नावानं उपटलं तर चालतं का? जमनीकडे निरोप गेला. तिचं उत्तर आलं की चालते, पन दर मंगळवारी उपटनारा एकच पाह्यजे, आन त्यानंच सारं पाळलं पाह्यजे.

साहेबांनी बदलीची यादी काढली, मुळावकरांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हारी यहाँ जरूरत है," ते म्हणाले. इतक्या आपलेपणानं साहेब त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

पुढे दर मंगळवारी वामनराव दोघांसाठी झाड उपटू लागले आणि महिन्याभरात दोघांचंही गजकर्ण गेलं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की दोन वेळची आंघोळ आणि उन्हात वाळलेले कपडे, याचाच तो गुण. जमनीचं म्हणणं पडलं की डॉक्टरला झाडाशी बोलता येत नाही, म्हणून तो तसं म्हणते. विठ्ठलरावांनी पोती यार्डाच्या भिंतीमागे ओतून दिली. त्या साली सगळ्यांचे धुरे असे साफ होते, की नापिकीची पाहणी करायला आलेल्या माणसानं त्यांची तारीफ लिहून नेली. साहेबांनी मात्र औषधाची तारीफ दोन मित्रांजवळ केली, त्यांनी आणखी तिघांजवळ. मग मंगळवार पुरेना, म्हणून जमनीनं रविवारही दिला.

अशाच एका रविवारी कुंदाताई पहिल्या एसटीनं आल्या. वामनरावांचं रविवारी घरी येणं बंद झालं होतं आणि बदली का रद्द झाली हे त्यांना फोनवर नीट कळलं नव्हतं, समोर बसून विचारायचं होतं. पांदणीच्या तोंडाशी त्यांना नवरा भेटला. हातात कुंकू लावलेलं झाड, नजर सरळ. कुंदाताईंनी पहिला प्रश्न विचारला, मग दुसरा. यार्ड ओलांडेपर्यंत त्यांनी सहा हंगामांचे सगळे प्रश्न विचारून घेतले. खोलीत पोहोचून, ताकात बी वाटून, पुडी बांधून झाल्यावर वामनरावांनी तोंड उघडलं, तेव्हा कुंदाताई परतीच्या गाडीसाठी पिशवी उचलून उभ्या होत्या.

गजकर्ण बरं झालेले एकूण सात. औषधाचे कोणी काही दिले नाहीत, कारण जमनी घेत नाही. यवतमाळ ते राळेगाव आणि राळेगाव ते यवतमाळ, ही दोन तिकिटं तेवढी कुंदाताईंनी स्वतःच्या पैशानं काढली.