तात्यांचा एकच शब्द

शेणव्याच्या गणपत तात्यांनी इंग्रजीतला एकच शब्द शिकायला घेतला होता: सेट.

"सगळा इंग्लिस कोनाच्या बापाला आलाय? मी एकच शब्द धरलाय, पन पुरा करनार," असं ते मला, म्हणजे हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला, ऐकवत. तात्या एसटीत कंडक्टर होते. गावात टीव्ही सेट येऊ लागले त्या सुमारास ते रिटायर झाले आणि हा शब्द त्यांच्या मानगुटीवर बसला.

पुस्तकातला अर्थ त्यांना चालत नसे. अर्थ माणसाच्या तोंडून हवा, तोही उदाहरणासकट. सकाळीच एसटीचा फुकट पास घेऊन निघायचे. टोकावड्याच्या ढाब्यावर कळलं, दही सेट होतं. मुरबाडचा सलूनवाला केस सेट करतो, शहापूरचा डॉक्टर मोडलेलं हाड. गाडीत एक बाई म्हणाल्या, पोरगा वाशीला सेट झाला. मग संध्याकाळी माझ्या ओसरीवर माझीच परीक्षा.

"सर, दही सेट झालं का हलत नाय. मंग पोरगा सेट झाला, तो पन हलत नाय का?"

बी.एड. झालो तेव्हा या शब्दाचे चार अर्थ मला नक्की ठाऊक होते. तात्यांपायी चारही डळमळले. एकदा तर भर वर्गात सूर्य 'सेट' होतो म्हणजे नेमकं काय होतो, या विचारात मी फळ्यासमोर नुसताच उभा राहिलो.

शेवटी वैतागून मी ठाण्याहून जाडजूड डिक्शनरी आणली. त्यातले 'सेट'चे सगळे अर्थ मराठीत लिहून काढले आणि कागद तात्यांच्या हातात ठेवले. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

चार दिवस तात्या फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी मीच गेलो. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात ते एकटेच असतात हे मला माहीत होतं, पण कधी मनावर घेतलं नव्हतं. धुतलेला सदरा घालून ते दाराशी बसले होते. पास खिशात होता.

"बरं नाही का, तात्या?"

"बरा हाय. पन सर, तुमी सगळं एकदम दिलंत. आता उद्या मी कोनाकडे जाऊ?"

मला माझी लाज वाटली. तोंडाला आलं ते बोलून गेलो, "यात बांगड्यांचा सेट राहिलाय. डोळखांबच्या कासाराला विचारायला हवं."

तात्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरंच राहिलाय, का माझ्यासाठी सांगताय?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो.

"मंग तर जातोच," म्हणाले तात्या आणि चपला शोधू लागले.