ढगांना मारणारा किम आणि आमचा ट्रक

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या मोकपोत सापडायची नाही! बाजारात ऑक्टोपस आजचा की कालचा, हे मी ऑक्टोपसकडे न बघता विकणारीच्या भुवयांकडे बघून सांगते. माझी लेक दान-बी आत्ता झोपलीय, तिचा एक पाय माझ्या मांडीवर आहे आणि तो हलला की माझं लिहिणं संपलं. म्हणून भरभर सांगते.

या वसंतात आमच्या घरात युद्ध पेटलं होतं. कारण एकच, किम गुन-थे! आमच्या 'मोकपो ऑक्टोपस' या बेसबॉल संघानं चार वर्षांच्या कराराला आठ अब्ज वॉन मोजून आणलेला महाबली फलंदाज. आल्यापासून त्याचा प्रत्येक चेंडू आकाशात जायचा, तिथे जरा फिरून यायचा आणि अलगद समोरच्या संघाच्या हातमोज्यात उतरायचा. पैसे घेऊन काहीच न करणाऱ्या असल्या खेळाडूला आमच्याकडे 'खाऊन पळालेला' म्हणतात. माझ्या सासऱ्यांना म्हणजे आबांना तर हा आपल्याच ताटातलं खाऊन पळाला असं वाटत होतं.

"बॅट कशी वरून खाली आली पाहिजे! लाकूड फोडल्यासारखी!" आबा जेवताना चॉपस्टिकनं हवेतच लाकूड फोडायचे. "हा खालून वर काय उपसतो? विहिरीतलं पाणी?"

"आबा, हल्ली सगळे असंच उचलून मारतात," माझा नवरा सोक-जू म्हणायचा. "चेंडू पंचवीसेक अंशांत उडाला की थेट मैदानाबाहेर, होमरन."

"आणि नव्वद अंशांत उडाला की?"

"...की झेल."

"मग कुणीतरी सांगा त्याला, की नव्वद म्हणजे पंचवीस नव्हे! आठ अब्जांत एक शिकवणी लावता येत नाही?"

तेवढ्यात दान-बीनं चमचा खालून वर हाणला आणि भाताचं शीत आबांच्या चष्म्यावर.

"बघा, नवी पद्धत!" सोक-जू म्हणाला.

"ही निदान फुकट मारते!" आबा म्हणाले.

शेवटी चाहत्यांच्या गटानं ठरवलं, ट्रक पाठवायचा! संघावर राग आला की आम्ही दगड मारत नाही. पाठीवर सिनेमाएवढा चमकता पडदा असलेला ट्रक भाड्यानं घेतो, पडद्यावर टोमणे झळकवतो आणि तो स्टेडियमभोवती फिरवत ठेवतो. दगडापेक्षा जास्त लागतं. टोमणे लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एका हातात दुधाचा कप, दुसऱ्या हातात फोन, असे मी एकापेक्षा एक जहरी टोमणे पाडले आणि वाचून दाखवायला खालच्या बागेत गेले. रो-उनच्या आईला!

आता ही रो-उनची आई म्हणजे कोण ते सांगते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे मी या गावात आले, तेव्हा दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोनच. एक लिफ्टमधली बाई, "दरवाजा बंद होत आहे" म्हणणारी, आणि दुसरी ही. घसरगुंडीखाली पहिल्यांदा भेटलो तेव्हा दान-बी रडत होती आणि तिच्या जोडीनं मीही. हिनं काही न विचारता एक ओला रुमाल दान-बीला दिला, एक मला. तेव्हापासून ती रो-उनची आई आणि मी दान-बीची आई. आमच्याकडे पोर झालं की आईचं स्वतःचं नाव कपाटात ठेवून देतात. तिचं नाव मला माहीत नव्हतं, पण या गावात माझी म्हणावी अशी तीच एक होती.

"ऐक हं," मी म्हटलं. "'किम गुन-थे, ढगांनी तुझं काय वाकडं केलंय?'"

ती हसली नाही!

"'आठ अब्जांत आम्ही बॅटवाला मागवला, पतंगवाला नव्हे!'"

"जरा कडक नाही का?" ती म्हणाली. "बिचाऱ्याचं डावं मनगट दुखतंय."

मी कान टवकारले. मनगट? वर्तमानपत्रात नाही, टीव्हीवर नाही, गटात नाही. हिला कुठून कळलं?

"तुला कुणी सांगितलं?"

"असंच... ऐकलं कुठेतरी. रो-उन, वाळू खाऊ नकोस!"

रो-उन वाळू खात नव्हता. तो झोक्यावर होता.

झालं! माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. त्या क्षणापासून मला जे जे दिसलं ते ते संशयास्पद! ही बाई सोमवारी कधीच बागेत येत नाही. का? तर म्हणे, "सोमवारी आमच्याकडे रविवार असतो." सोमवारी सुट्टी कुणाला? बेसबॉलवाल्यांना! तिचा नवरा तीन-तीन दिवस गायब. ती बाजारातून अंडी आणते ती लग्नघरात आणावी तशी, ताटच्या ताट. एकदा मी मान लांब करकरून तिची बाल्कनी पाहिली, तर दोरीवर संघाची राखाडी पँट! गुडघ्यांना मैदानाची लाल माती! पँट जरा आखूड वाटली. गुन-थे म्हणजे विजेचा खांब. पण धुतल्यावर कपडा आटतोच की!

शेवटचा खिळा पाळणाघरात सापडला. रो-उनच्या बुटांच्या खणावर पूर्ण नाव लिहिलेलं होतं, किम रो-उन. किम! आता या देशात दर पाचवा माणूस किम असतो. माझा नवरा किम, सासरे किम, दान-बी स्वतः किम. पण एकदा संशय डोक्यात शिरला की गणित बाहेर पडतं. माझी खात्रीच पटली. रो-उनची आई म्हणजे किम गुन-थेची बायको!

आणि मग मला आठवलं. मी तिला तिच्याच नवऱ्यावरचे टोमणे वाचून दाखवले होते! चाली लावून! रविवारी ट्रक फिरणार, तिला ते दिसणार, आणि सोमवारपासून मी पुन्हा लिफ्टमधल्या बाईशी गप्पा मारणार. दान-बी तर झोपेतसुद्धा "रो-उन दादा" म्हणते. नाही, काहीही करून ही मैत्री वाचवायला हवी होती.

घरात मी चकार शब्द काढला नाही. तिनं एवढं लपवलंय म्हटल्यावर मी कशी फोडू? रात्रीच्या जेवणाला फक्त इतकंच म्हटलं, "आबा, मला वाटतं आपण चुकतोय. गुन-थेचा यात काय दोष? त्याला हे उचलून मारणं शिकवलं कुणी?"

आबांची चॉपस्टिक थबकली. "म्हणजे?"

"फलंदाजीचा प्रशिक्षक! तो टोपीवाला!"

"हां!" आबांच्या तोंडावर पहाट झाली. "तो डोळ्यांवर काळा चष्मा, नाकापर्यंत फडकं! तोंड लपवून बसतो लेकाचा! मला पहिल्यापासून त्याचा संशय होता!"

"आबा, कालपर्यंत तुम्ही त्याचं नावही काढलं नव्हतं," सोक-जू म्हणाला.

"संशय काय नाव घेऊन करायचा असतो?"

गटातही आग लागल्यासारखी कल्पना पसरली. मी जुने टोमणे पुसले, नवे लिहिले. आबांनी तर खास आग्रह धरला की पडद्यावर त्या प्रशिक्षकाचा फोटोही हवा, टोपीसकट! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! संघाचा राग योग्य जागी गेला, मैत्रीण वाचली, आणि कुणाला पत्ता नाही. वर मी आणखी एक शहाणपणा केला. रविवारी दोन्ही पोरांना आणि तिला घेऊन स्टेडियमच्या दारात गेले. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, की दान-बीच्या आईनं तिच्यासाठी काय केलंय!

"कशाला पण?" ती आढेवेढे घेत होती. "मी सामन्याच्या दिवशी इकडे येत नाही सहसा."

"माहितीय मला," मी डोळे मिचकावले. "सगळं माहितीय. तू काही बोलू नकोस."

तिनं माझ्याकडे जरा घाबरूनच पाहिलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो, पोरांच्या हातात किम्बापचे, म्हणजे शेवाळाच्या पापडात गुंडाळलेल्या भाताचे, तुकडे दिले. कोपऱ्यावरून ट्रक वळला. माझी छाती फुगली. पडद्यावर टपोरी अक्षरं झळकली:

'किम गुन-थे निर्दोष आहे!'

"बघ!" मी तिला कोपरानं ढोसलं. ती खरंच हसली. "किती छान," म्हणाली. "कुणीतरी बोललं एकदाचं."

मग अक्षरं बदलली:

'गुन्हेगार सापडला! प्रशिक्षक किम, पोरांच्या हातात बॅट द्या, कोनमापक नको! टोपी काढा आणि घरी जा!'

आणि खाली फोटो. टोपी, चष्मा, फडकं.

रो-उन उठून उभा राहिला. तोंडातला भात सांभाळत आनंदानं किंचाळला, "बाबा!"

"नाही रे राजा," मी त्याचे केस कुरवाळत म्हटलं, "तो वेगळा किम. तुझे बाबा उंच आहेत."

"दान-बीची आई," ती अगदी हळू म्हणाली, "तो वेगळा किम नाही. तोच आहे."

ट्रक वळून पुन्हा आला. आबांनी चार फेऱ्यांचं भाडं भरलं होतं!

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक "किम्बाप घे ना" म्हणाले असेन. तिनं रो-उनला उचललं, त्याचा सांडलेला भातही वेचला आणि निघून गेली. दान-बी हात हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बागेत कुणी नसणार म्हणूनच मी गेले, आणि झोक्यावर रो-उन! झोका देत एक बुटका, उन्हानं करपलेला माणूस. टोपी नाही, चष्मा नाही. शेजारी ती. आणि माझ्यासोबत आबा! मी आबांची बाही ओढली, पण तोवर उशीर झाला होता. तो माणूस पुढे आला, वाकला आणि मला म्हणाला, "कोनमापकाचं वाक्य तुमचं ना? संघातल्या पोरांनी कपडे बदलायच्या खोलीत लावलंय. गुन-थे तर रडेपर्यंत हसला."

आबा कमरेत असे वाकले की मला वाटलं आता सरळ होत नाहीत. झाले ते थेट प्रशिक्षकाचा दंड धरूनच. "साहेब, चूक झाली, माफ करा. पण एक सांगू? बॅट वरून खाली..." आणि हातातल्या छत्रीनं त्यांनी लाकूड फोडायला सुरुवात केली.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मी रुमाल काढला, तोही तिचाच निघाला.

"रागावलीस?"

"रागावलेच होते," ती म्हणाली. "हे पण म्हणाले, नाही जायचं बागेत. पण या गावात मी दुसरी मैत्रीण शोधायची कधी? हा पोरगा सहाला उठतो." मग ती माझ्याकडे वळली. "पण एक सांग. मी गुन-थेची बायको आहे असं तुला वाटलंच कसं? तो एकतीसचा! मी अडतीसची!"

"एकतीसचीच दिसतेस," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

तिनं गुपचूप केस नीट केले आणि थर्मासमधली अर्धी कॉफी मला ओतून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

संध्याकाळी हे सगळं मी सोक-जूला सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मनगट, अंडी, पँट, किम, सगळं. तो भांडी घासता घासता थांबला आणि माझ्याकडे इतक्या कीवेनं पाहत राहिला की नळ वाहतच राहिला.

"अगं, गुन-थेचं लग्नच झालेलं नाही. आईबरोबर राहतो तो. अख्ख्या मोकपोला माहीत आहे!"

दान-बीचा पाय हलला. थांबते.