जड पाणी आणि गजराबाई

एका जंगलात चुनखडीच्या डोंगरातून एक झरा यायचा, मुलांनो. पाणी दिसायला काचेसारखं. पण त्यात तुरीची डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही.

झऱ्यात गजराबाई हत्तीण रोज डुंबायच्या. उन्हात त्यांच्या अंगाची आग व्हायची, ती तेवढ्यानेच शमायची.

एकदा सरपंच कोल्हेरावांनी झऱ्यावर आरओचं मशीन बसवलं. पाणी बारीक पडद्यातून गाळून गोड होऊन येऊ लागलं. ससेवहिनी तर पाहुण्यांना चहाऐवजी पाणीच देऊ लागल्या.

पण थोड्याच दिवसांत धार करंगळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग नुसते थेंब.

दुरुस्तीला बगळा आला. त्याने पडदा काढला, तर त्यावर पांढरा थर.

"पाणी जड आहे. आधी हलकं करा, मग मशीनला द्या," एवढं बोलून तो घाईने उडून गेला.

तुम्ही शहाणी मुलं. चुना आणि क्षार जास्त असलेल्या पाण्याला जड म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. तेच क्षार पडद्यावर बसतात, म्हणून मशीनच्या आधी ते काढणारी टाकी लावतात. जंगलात मात्र सभा भरली.

"पाणी जड कुणामुळे झालं?" कोल्हेरावांनी विचारलं.

सगळ्यांनी गजराबाईंकडे पाहिलं.

"अगं बाई, मी? अहो, त्या पाण्याने माझ्याच पाठीवर पांढरे डाग पडतात!"

"घ्या! पुरावा अंगावरच आहे," माकड म्हणालं. "आता झऱ्यात डुंबणं बंद!"

"डुंबले नाही तर कातडं फाटेल हो माझं."

"मावशी, जंगलासाठी एवढं करा," ससेवहिनी प्रेमाने म्हणाल्या.

गजराबाई डोळे पुसत डोंगरापलीकडच्या आटलेल्या डबक्यावर गेल्या.

मशीनला नवा पडदा बसला. तोही पांढरा पडून बंद झाला.

मग कोल्हेराव स्वतः डबक्यावर गेले. गजराबाईंच्या पाठीला भेगा पडल्या होत्या.

"परत चला, बाई."

गजराबाईंचा चेहरा उजळला. "कळलं ना, माझा दोष नव्हता?"

"कळलं तर! तुम्ही डुंबायचात तेव्हा पाणी हलायचं. हलतं म्हणून हलकं. तुम्ही गेलात, पाणी बसून राहिलं, जड झालं. सगळं तुमच्यामुळे!"

गजराबाई त्यांच्या मागोमाग परत आल्या. झऱ्यात उतरल्या. अंग गार झालं.

मशीन अजून बंदच आहे. रोज सकाळी सगळे काठावर भांडी घेऊन उभे राहतात आणि ओरडतात, "मावशी, जरा जोरात हला!"

तात्पर्य: पाण्यातले क्षार काढण्यापेक्षा कुणाचा तरी दोष काढणं सोपं असतं, म्हणून प्रत्येक जंगलाने एक तरी हत्तीण जपून ठेवावी.