रिकाम्या पोटांचा सत्कार

बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६. सकाळचे सात चाळीस. मरोळच्या औषध-चाचणी केंद्रात सिंदेवाही तालुक्यातली नऊ मुले आयांसह उपाशी बसली होती. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या नव्या गोळीच्या चाचणीत खेड्यांतील मुलांसाठी जागा राखल्या होत्या. रिकाम्या पोटीचे रक्त दुपारी बारापर्यंत दिले, तर जागा त्यांच्या; नाही तर शहरातल्या मुलांच्या. केंद्राने खेड्यात जाण्याऐवजी खेडेच मरोळला आणले होते. संचालक डॉ. नंदकुमार यालाच 'संधीचा विस्तार' म्हणत.

समन्वयक शीतलने चार महिने त्या गावांत खेटे घालून आयांना मुलांच्या जागेचा शब्द दिला होता.

"रातच्यापासून पान्याबिगर काही देल्लं नाही जी मॅडम," द्रौपदी म्हणाली. तिच्या मांडीवर विशाल होता. दर महिन्याला सांधे धरून रात्रभर कण्हणारा.

"झकास. आता रक्त, मग पोहे."

"रक्त नंतर. आधी सत्कार," मागून डॉ. नंदकुमार म्हणाले. "वसुधाताई मुलुंडहून निघाल्यात."

संस्थेच्या अध्यक्षा वसुधाताई नऊ वाजता पोहोचल्या. सोबत छायाचित्रकार होता आणि पेढ्यांचे तबक होते. शीतलच्या हाती हार देऊन तिला चौकटीबाहेर उभे करण्यात आले. वसुधाताईंनी पेढा उचललेला पाहून तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"सर, मुलं उपाशी आहेत."

"म्हणूनच तर देतोय ना, शीतल. माणुसकी आहे की नाही तुझ्यात?"

ती पुढे सरसावेपर्यंत आठ तोंडे गोड झाली होती. विशालने मात्र ओठ घट्ट मिटले.

"लाजतोय," वसुधाताई कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाल्या.

"घे बाबू, सायेब म्हन्ते," असे म्हणत द्रौपदीने पेढा त्याच्या तोंडात घातला.

प्रयोगशाळेतल्या प्रबुद्धने हातातली सुई परत ठेवली. "आता आठ तास थांबा."

"अरे, एका पेढ्यानं काय होतंय?"

"नियम तुमचाच आहे सर. खाली सहीपण तुमचीच."

स्वतःची सही ओळखीची वाटल्याने डॉक्टर वसुधाताईंना आणि छायाचित्रकाराला दिवसभर केंद्र दाखवायला घेऊन गेले. शीतलने मुख्य कार्यालयाला फोन केला आणि अर्धा तास गयावया करून संध्याकाळी सातपर्यंतची मुदत पदरात पाडून घेतली.

"गोड त खाल्लंच. आता पोरायले पोटभर जेऊच घाला जी," द्रौपदीने सुचवले. दिवसभरात त्या इमारतीत कोणी बोललेले हे पहिले शहाणपण होते. मुले जेवली आणि साडेदहापासून पुन्हा उपाशी राहिली.

सहा वाजता डॉ. नंदकुमारांना मुदतवाढीची वार्ता लागली. रक्ताला अर्धा तास उरला होता, पण त्यांच्या उत्साहाला तेवढा वेळ पुरेसा होता.

"मुदत मिळाली, आणि तोंड कोरडं? वसुधाताई, चला."

या खेपेस बर्फी होती. शीतल धावत येईतो दाराजवळच्या सर्वांत धाकट्या मुलीच्या तोंडात तुकडा गेलाही होता. दुसरा तुकडा विशालकडे निघाला. विरोध करून काय होते, हे शीतल सकाळी शिकली होती.

"सर, इथे मागे नुसती भिंत येते. गच्चीवर चला ना, मागे अख्खी अंधेरी दिसते."

वसुधाताईंनी पदर सावरला. "बघा नंदकुमार, हिला दृष्टी आहे."

"आणि मुलं?" डॉक्टरांनी विचारले.

"पाठोपाठ आणते. तबक राहू द्या माझ्याकडे."

अध्यक्षा, संचालक आणि छायाचित्रकार अशी मिरवणूक वर गेली. शीतलने मागोमाग जाऊन गच्चीच्या दाराला जिन्याकडून कडी घातली. पाचव्या मिनिटाला फोन वाजला.

"शीतल, दार लागलंय गं बहुतेक."

"हो सर, मिस्त्री निघालाय. तोवर उजेड आहे, फोटो काढून घ्या ना."

त्यांनी काढले. ग्रामीण बालकांच्या कार्यक्रमाची ती सर्वांत उत्तम छायाचित्रे ठरली. त्यांत एकही बालक नव्हते.

खाली साडेसहाला प्रबुद्धने सुई हाती घेतली. विशालने हात पुढे केला आणि डोळे मिटले. रक्त काढून झाल्यावर द्रौपदीने तबकाकडे पाहिले.

"हे आता चालते का जी?"

"आता खुशाल."

दाराजवळच्या मुलीची आई मात्र लेकीची बाही वर करून, नंबर येईल म्हणून अजून थांबली होती. शीतल तिच्यापाशी जाऊन बसली. तिने मुलीची बाही हळूच खाली ओढली.

सात वाजता नोंदणी बंद झाली. जागा मिळालेली मुले: आठ.