बाळाबद्दल तीन फोन

"नवा खेळाडू अपेक्षेला उतरतोय का? तुमचं मत कळवा, प्रशिक्षक इथेच बसले आहेत," असं रेडिओवरचा निवेदक म्हणाला आणि बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

नवा खेळाडू म्हणजे त्यांचाच मुलगा. घरात त्याला बाळ म्हणत. बाळाला प्रत्येक दारातून वाकून आत यावं लागे. बास्केटबॉलच्या मोठ्या संघाने त्याला गाजावाजा करून घेतलं होतं, पण अर्धा मोसम सरला तरी तो बहुतेक वेळ बाकावर इतरांचे टॉवेल सांभाळत बसलेला दिसे. उद्याच्या सामन्याआधी संघ नव्याने ठरणार होता. नाव गळलं, तर थेट दुसऱ्या फळीच्या संघात रवानगी.

"बाळ कुठाय?" बाबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आंघोळीला गेलाय. का हो?" आई म्हणाली.

"फोन करतो."

बाबा गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाने गाडी खांबाकडे नेली तरी "छान, छान" म्हणायची त्यांना सवय होती. स्वयंपाकघरात जाऊन, आवाज घोगरा करून ते म्हणाले, "मी एक सामान्य प्रेक्षक. माझा या मुलाशी काहीएक संबंध नाही. पण असा खेळाडू मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

"बरं. तुमच्या मागे ही धडधड कसली?"

बाथरूममधलं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की घरभर भूकंप होई. "कारखान्यात आहे मी," बाबा म्हणाले.

"मुद्दा एकही नाही," प्रशिक्षकांनी निकाल दिला.

"साधं एक काम धड होत नाही तुमच्याच्याने," असं म्हणत आई स्वतःचा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. "मी दवाखान्यातून बोलतेय. तो मुलगा फार गुणी आहे हो. मोठ्यांना मान देतो."

"बाई, समोरच्या संघालाही देतो," प्रशिक्षक म्हणाले.

"दवाखान्यातही तेच यंत्र आहे वाटतं?" निवेदकाने विचारलं. आईने फोन कापला.

दोघं टेबलाशी परत आली आणि एकमेकांकडे न बघता भात चिवडत बसली. तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आता एक आजोबा बोलताहेत."

"अरे लेका, त्या पोराला बसवून ठेवलंत तेच बरं केलंत!" रेडिओतून कापरा, करडा आवाज आला. "चेंडू हातात आला की याचे डोळे प्रेक्षकांकडे. डावा हात नुसता घड्याळ बांधायला ठेवलाय. आणि चुकला की बुटाची नाडी बघत बसतो, जशी काही सगळी चूक नाडीचीच!"

आईच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. हा आवाज तिच्या वडिलांचा होता. तोच 'अरे लेका', वाक्य संपल्यावरचं तेच खाकरणं. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"अण्णा?" ती रेडिओला म्हणाली.

"अण्णा कुठले आता? कोण आहे हा म्हातारा?" बाबा भडकले. "कधी चेंडू हातात धरलाय का याने? थांब, बघतोच याच्याकडे!"

"गप्प बसा. ऐका."

आजोबांच्या मागे धडधड ऐकू येत होती. कारखान्यातल्यापेक्षा मोठी, दवाखान्यातल्यापेक्षा तर पुष्कळच मोठी.

बाबांनी बाथरूमचं दार ढकललं. आंघोळीचा पत्ताच नव्हता. मशीनशेजारच्या स्टुलावर बाळ गुडघे कानाशी घेऊन बसला होता. फोनवर तळवा दाबून तो पुटपुटला, "तुम्ही दोघं नुसतं छान छान म्हणता. अण्णा असते तर हेच बोलले असते. कुणीतरी बोलायला हवं होतं ना."

फोनमधून प्रशिक्षकांचा आवाज आला. "आजोबा, शब्दन्‌शब्द पटला. यातलं निम्मं जरी त्या पोराला कळत असतं ना, तर उद्या मी त्याला सुरुवातीपासून खेळवला असता."

बाळाने फोनवरचा तळवा आणखी घट्ट दाबला.

"सांग की मग!" बाबा कुजबुजले.

"सांगितलं तर लबाडी केली म्हणून काढतील!"

आईने त्याच्या हातातून फोन घेतला. "मी मघाची दवाखान्यातली. दवाखाना नाही, घर आहे. ते कारखान्यातले माझे यजमान. आणि हे आजोबा म्हणजे तुमचा खेळाडू."

मशीन नेमकं तेव्हाच थांबलं.

"म्हणजे हे सगळं त्याला कळतं?" प्रशिक्षक म्हणाले. "मग उद्या तो सुरुवातीपासून खेळेल. घरच्या दोघांना मात्र मैदानात सोडायचं नाही. वगळायचं कुणाला, ते माझ्या आत्ता लक्षात आलं."

बाबा मळक्या कपड्यांच्या टोपलीवर मटकन बसले. "आपल्याला काढलं?"

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाळ," ती म्हणाली, "त्यांच्यासारखं आणखी बोल ना."

"काय बोलू?"

"काहीही. माझं काय काय चुकतं ते सांग."

बाळाने घसा खाकरला आणि सुरुवात केली. ते बरंच लांबलं. आईने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच घडणारं ते दृश्य बाबा आ वासून बघत राहिले.