पंचाहत्तर डिग्रीचे वानखेडे काका

"दार लाव आधी, मग नमस्कार कर."

वानखेडे काका माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. लग्न होऊन मला अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. वरच्या मजल्यावर नागपूरचे एक मराठी गृहस्थ राहतात असं कळलं, म्हणून हौसेनं बेसनाचे लाडू घेऊन गेले. काकांनी लाडवांकडे पाहिलंही नाही. त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, पाकीटमाराकडे बघावं तसं.

"एक डिग्री घालवलीस बाई. आता वीस मिनिटं लागतील भरून यायला."

त्या एका खोलीत तीन थर्मामीटर होते. एक भिंतीला, एक खिडकीपाशी आणि एक कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात. तिन्ही पंचाहत्तर फॅरनहाइट, म्हणजे आपले चोवीस सेल्सियस, दाखवत नसतील तर काकांचा आवाज चढायचा. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबलेल्या, दाराखाली सतरंजी गुंडाळून ठेवलेली. हा सगळा बंदोबस्त पिंट्यासाठी होता.

पिंट्या म्हणजे हेजहॉग. मुठीत मावेल एवढा, पाठभर काटे आणि तोंड चिचुंद्रीचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि असला प्राणी तेव्हा अमेरिकन लोकांनीही फारसा पाहिला नव्हता. तो काकांच्या मुलीचा, सुजाताचा. ती दूर मिनेसोटात कॉलेजला होती. डॉर्ममध्ये, म्हणजे तिथल्या वसतिगृहात, प्राणी चालत नाहीत म्हणून बापाकडे ठेवून गेली होती. काकू तीन वर्षांपूर्वी वारलेल्या. काका काउंटीच्या पूल खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर पुलांना कुठे भेगा पडतात ते शोधलं, आता तेच डोळे खिडकीच्या फटींवर होते.

काका कायम चिडलेले असत. एकदा आमच्या घरी जेवायला आले असताना माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला जोशी म्हणाला, "काका, तुमचं साळिंदर काय म्हणतंय?"

काकांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "साळिंदर कुत्र्याएवढं असते. हा हेजहॉग आहे."

"तेच हो. पण थंडीत ते झोपतात ना चार-चार महिने? मग एवढा हीटर कशाला? झोपू द्या की."

"लेखी द्या," काका म्हणाले.

"काय?"

"'झोपू द्या' हे कागदावर लिहून खाली सही करा. युरोपातले झोपतात. हा आफ्रिकेतला आहे. याच्या अंगाला ते जमत नाही. गार पडला की हा पण झोपतो, पण उठत नाही. मेल्यावर तुमचा कागद घेऊन मी तुमच्या घरी येईन."

जोशी हसला. काका हसले नाहीत. ताटावरून उठले आणि वर निघून गेले. मला त्या दिवशी जोशीचा राग आला आणि काकांचा त्याहून जास्त, कारण पुरणपोळी होती.

'लेखी द्या' हे ते सगळ्यांनाच म्हणत. फोनवर "आम्ही उंदीर तपासत नाही" म्हणणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला म्हटलं. अपार्टमेंटच्या मॅनेजरला तर दर आठवड्याला. दिवाणखान्याच्या खिडकीची चौकट वाकली होती आणि त्यातून वारा येत होता. काकांनी त्यावर पत्रांमागून पत्रं लिहिली, आकृत्या काढून. शेवटी मॅनेजर आला, खिडकीसमोर हात धरला आणि "मला तर ठीक वाटतंय" म्हणाला. काकांनी त्याचा कोट काढून घेतला, खिडकीला पाठ करून त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोर घड्याळ ठेवलं. बारा मिनिटांनी मॅनेजर शिंकला. तरी खिडकी दुरुस्त झाली नाही.

माझ्याशीही त्यांचं वाजलं. मी मिरच्या तळल्या आणि त्यांचा ठसका बाहेर जायला म्हणून आमचं आणि जिन्याचं, दोन्ही दारं उघडली. काका जिन्यातूनच ओरडले, "संपूर्ण व्हर्जिनिया घरात घेऊन राहिली का तू?" मीही ऐकून घेतलं नाही. "एका उंदरासाठी माणसांनी श्वास घ्यायचा नाही का?" म्हणाले. उंदीर हा शब्द मी मुद्दाम वापरला. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही.

मग जानेवारीत एक दिवस सकाळपासून गोठणारा पाऊस लागला. पाणी पडेल तिथे बर्फ होत होतं. अकराच्या सुमाराला तारा तुटल्या आणि वीज गेली. नवरा ऑफिसात अडकला. दोन वाजता वरून काकांचा आवाज येऊ लागला. मॅनेजरला फोनवर झापत होते. अर्धा तास ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. शाल गुंडाळून मी भांडायलाच वर गेले.

दाराला कडी नव्हती. थर्मामीटर अठ्ठावन्नवर आला होता. काकांनी फोन ठेवला होता आणि ते जमिनीवर बसले होते. स्वेटरची बटणं उघडी, आत बनियनवर पोटाशी पिंट्या. तो धड गोल वळलेला नव्हता, धड सरळ नव्हता. काटे सैल पडले होते.

"याचं पोट गार लागून राहिलं," काका म्हणाले. आवाज अजून चिडलेलाच होता. "मला उठता येत नाही. पाणी ठेव. उकळू नको, कोमट. एकदम गरम केलं तर मरेल. काऊन उभी आहेस?"

गॅस काडीनं पेटवला. पाणी तापवून रबरी पिशवीत भरलं, पिशवी टॉवेलात गुंडाळली. काका सूचना देत होते, टॉवेल पातळ घेतला म्हणून रागावत होते, मॅनेजरला, वीज कंपनीला, आभाळाला शिव्या देत होते. मी पिशवी त्यांच्या स्वेटरात सरकवली आणि शेजारी बसले. कुणाशी भांडायला आले होते ते विसरूनच गेले.

तेवढ्यात फोन वाजला. काका हलू शकत नव्हते, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन मी उचलला. सुजाता होती. व्हर्जिनियात बर्फाचं वादळ असल्याचं तिनं बातम्यांत ऐकलं होतं.

"इज ही ओके?"

"पिंट्या थोडा गार पडला होता, पण..."

"नो, नो. माय डॅड. इज ही येलिंग?"

"हो, सगळ्यांवर ओरडतायत."

"ओह, गुड," ती म्हणाली. मग मोडक्या मराठीत, हळू आवाजात बोलली. आई गेली त्या हिवाळ्यात बाबांनी हीटर लावलाच नव्हता. ती सुटीला आली तेव्हा ते कोट-टोपी घालून काळोखात बसलेले होते. म्हणे, मला थंडी वाजत नाही. कुणाशी भांडतही नव्हते. मग तिनं हा प्राणी शोधून आणला, ज्याला पंचाहत्तर डिग्री लागते असा. "डॉर्मचं मी खोटं सांगितलं. प्लीज, त्यांना सांगू नका."

मी परत येऊन बसले. काका पिंट्याच्या काट्यांवरून एक बोट फिरवत होते.

"काय म्हणत होती?"

"पिंट्याचं विचारत होती."

"हं. तिला सोडायला गेलो होतो ना, तेव्हा पाहिलं. तिच्या डॉर्ममध्ये शेजारच्या खोलीत मांजर आहे, खालच्या मजल्यावर ससा आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता. "मी काही बोललो नाही. तिला वाटते बापाला कळलं नाही. वाटू दे. तू सांगू नको."

स्वेटरात काहीतरी हललं. पिंट्याचं ओलं नाक बाहेर आलं, हवा हुंगून पुन्हा आत गेलं. काकांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ निळसर पडले होते. ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"काका, थंडी वाजतेय का तुम्हाला?"

नेहमीप्रमाणे खेकसतील असं वाटलं होतं.

"वाजते," ते म्हणाले.

मी अंगावरची शाल काढली आणि त्या दोघांभोवती गुंडाळली.