वस्तीचा गुडघा

"नेटवर्कचा तुम्हाला काय फायदा झाला?" हा एकच प्रश्न वायरमनने सकाळपासून गल्लीभर विचारला आणि त्याच्या नाकी नऊ आले. शिंपी म्हणाला, "फायदा कसला? ते असतंच की!" न्हाव्याने उलट त्यालाच विचारलं, "तुझ्या घराच्या भिंतीचा तुला काय फायदा झाला, सांग बरं?"

वस्तीचं हे इंटरनेट वायरमननेच उभं केलं होतं. छपराछपरावर चढून वायरी ओढल्या होत्या, डबे बसवले होते. मूळ जोडणी तेवढी एका संस्थेची. त्या संस्थेच्या मॅडम उद्या 'परिणाम' मोजायला येणार होत्या. परिणाम दिसला तर जोडणी राहणार, नाहीतर दुसऱ्या वस्तीला जाणार. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं नेटवर्क कुणी उचलून नेईल, या विचारानेच त्याचा जीव कासावीस झाला होता.

"लोकांना सांगताच येत नाही गं," तो बायकोला म्हणाला. "एक नमुना पाठवतो सगळ्यांना."

"नका पाठवू. पाठ करतील."

"लहान आहेत का?"

"लहान असते तर निदान विसरले असते!"

पण ऐकेल तो वायरमन कसला! मागच्या गल्लीतल्या मावशी गुडघ्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. नेटवर्कमुळे त्यांना फोनवर एक डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी दाखवलेले व्यायाम करून मावशी पुन्हा जिना चढू लागल्या. ही खरी गोष्ट त्याने मावशींच्या तोंडी घालून लिहिली, खाली 'याप्रमाणे आपापला अनुभव सांगावा' अशी ओळ टाकली आणि वस्तीच्या ग्रुपवर सोडून दिली. मेसेज शेवटपर्यंत वाचणारा माणूस त्या ग्रुपवर अजून यायचा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम वायरमनच्या माडीवरच्या बाहेरच्या खोलीत बसल्या. पहिला आला शिंपी. घसा खाकरून म्हणाला, "माझा गुडघा धरला होता. मी अंथरुणाला खिळलो होतो..." वायरमनने चमकून बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

मग न्हावी आला. "माझा गुडघा धरला होता..."

"तुमचाही?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही," न्हाव्याने वस्तीसाठी आणखी एक गुडघा देऊन टाकला.

दूधवाल्याने सायकलवरून टुणकन उडी मारली, धावत वर आला आणि आपण कसे खिळलो होतो ते एका दमात सांगून टाकलं. "आणि आता मी भराभर जिना चढते!" त्याने शेवट केला.

मॅडमनी वही मिटली. "इथल्या जमिनीतच काही दोष आहे का हो?"

तेवढ्यात मावशी आल्या. "माझा गुडघा..." त्यांनी सुरुवात केली.

"पुढचं मी सांगते, मावशी," मॅडमनी मध्येच तोडलं. "डॉक्टरीणबाई, व्यायाम, जिना. पाठ झालंय मला."

"म्हणजे? गुडघा माझा, कळ मी सोसली, आणि मीच खोटी?"

"चूक माझी आहे, मॅडम," वायरमन रडकुंडीला येऊन म्हणाला. "नमुना मीच पाठवला. मला काय शिक्षा करायची ती करा, पण नेटवर्क नेऊ नका हो."

मॅडम पिशवी भरू लागल्या. मावशींनी मात्र वस्तीच्या ग्रुपवर आवाज पाठवायला फोन तोंडाजवळ धरला. "ज्यांनी ज्यांनी माझा गुडघा नेलाय, त्यांनी आत्ताच्या आत्ता वायरमनकडे या! आणि येताना खरं घेऊन या!"

मॅडमना दारातून बाहेर पडताच येईना, कारण जिना माणसांनी भरला होता. शिंप्याच्या गळ्यात टेप तसाच, न्हाव्याबरोबर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलेलं.

"गुडघा नाही, मॅडम," शिंपी खाली मान घालून म्हणाला. "पण माझी लेक परदेशात असते. तिच्या बाळाला रोज मी फोनवरून गाणं म्हणून झोपवतो. आता याला काय फायदा म्हणायचं?"

"मला लोक पहाटेच सांगतात, आज दूध नको म्हणून," दूधवाला म्हणाला. "नासत नाही मग."

"माझी नोकरीची मुलाखत फोनवरच झाली," अर्धी दाढी बोलली. "उद्या कामावर जायचंय, म्हणून तर दाढी!"

मॅडम परत येऊन खुर्चीत बसल्या. "एका हाकेला सगळी वस्ती जिन्यात," त्या हसत म्हणाल्या. "आणि तुमचा तो नमुना तर घरोघरी तोंडपाठ. याहून वेगळा परिणाम मी कुठे मोजू? जोडणी राहू दे. अहवालात गुडघा तेवढा एकच लिहिते."

"डावा," मावशींनी बजावलं.

वायरमनने डोळे पुसले आणि बायकोला चहा टाकायला सांगितला, तर तो आधीच उकळत होता.

निघताना मॅडमनी गुडघ्यावर हात टेकला आणि कण्हतच उठल्या. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळेल का?"

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं.

"तुमचा तरी खरा आहे ना?"